ग्रीक: ‘सुनेसीतूमेन’ हे रूप कोशात कुठे शोधायचं?

सांगलीचा_विद्यार्थी

नमस्कार मंडळी. संस्कृत घेऊन बी.ए. केलं, आता घरीच ग्रीक शिकतोय. सध्या प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’चा शेवटचा भाग वाचतोय. अल्सिबायडीस भर मैफलीत प्यायलेला येतो आणि सॉक्रेटिसची स्तुती करायला लागतो, तो भाग. २१९ई या परिच्छेदात तो म्हणतो की पोटिडिया शहरावरची लष्करी मोहीम आम्हा दोघांची एकत्र झाली, आणि पुढे येतं: ‘काइ सुनेसीतूमेन एकेइ’. ‘काइ’ म्हणजे आणि, ‘एकेइ’ म्हणजे तिथे. मधल्या शब्दावर गाडी अडली आहे.

कोशात ‘सुने-’ने सुरू होणारी सगळी पानं चाळली. ‘सुनेसीतेओ’ असा धातू नाही. ‘सुनेस्थिओ’ मात्र आहे, अर्थ ‘बरोबर खाणे’. त्याचंच हे काही रूप असावं असं आधी वाटलं, पण ‘थ’चा ‘त’ कसा होईल आणि मधे ‘सी’ दीर्घ कुठून येईल, ते बसत नाही. इंग्रजी अनुवाद पाहून ‘एकत्र जेवत होतो’ हा अर्थ कळतो. मला रूप सोडवायचं आहे.

दुसरं म्हणजे, मी वहीत ‘आम्ही तिथे सहभोजन केले’ असं मराठी लिहिलंय. ते चालेल का?

(ग्रीक लिपी इथे नीट उमटत नाही, म्हणून देवनागरीत लिहितोय. उप्सिलोनसाठी ‘उ’ लिहिला आहे, उच्चार ओठ गोल करून ‘ई’ म्हणावं तसा धरा. ओमेगासाठी ‘ओ’ आणि एटासाठी ‘ए’.)

वाईच्या_बाई

सांगलीकर, संस्कृत घेऊन आलात म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. शाळेत मी मुलांना जे विचारायची तेच तुम्हाला विचारते. ‘संगच्छते’चं लङ्, म्हणजे भूतकाळाचं रूप, काय? ‘समगच्छत’. आता दोन्ही रूपं मोठ्याने म्हणा आणि ‘सम्’कडे लक्ष ठेवा. ‘संगच्छते’मध्ये पुढे व्यंजन आहे म्हणून म् बिचकून अनुस्वार झाला. भूतकाळाचा ‘अ’ उपसर्ग आणि धातू यांच्या मधे येऊन बसला की म्-च्या पुढे स्वर आला, आणि तो पुन्हा धडधडीत ‘म’ ऐकू आला.

ग्रीकमध्ये नेमकं हेच घडतं. उपसर्ग ‘सुन्’, म्हणजे ‘सह’. नाम ‘सीतोस’, म्हणजे धान्य, गहू, आणि त्यावरून एकूणच अन्न. ‘सुन्’च्या पुढे ‘सी’ आला की न् त्या स्-मध्ये मिसळतो आणि ‘सुस्सीतोस’ तयार होतं: ज्याचं अन्न आपल्याबरोबर आहे तो, जेवणाचा सोबती. त्या नामापासून धातू झाला ‘सुस्सीतेओ’. कोशात तो ‘सुस्स-’च्या पानावर आहे, म्हणून तुम्हाला सापडला नाही. भूतकाळाचा ‘ए’ मधे बसला की न्-च्या पुढे स्वर येतो आणि दडलेला न् परत दिसतो: सुन्-ए-सीतूमेन. लांबून आलेल्या शब्दाच्या पोटातला हा ‘ए’ काढून टाकायचा, उरलेले दोन तुकडे पुन्हा जोडायचे आणि मग कोश उघडायचा. ‘सुने-’ने सुरू होणारं भूतकाळी रूप दिसलं की हा प्रयोग आधी करावा, निम्म्या वेळा कुलूप तिथेच उघडतं.

आता चालवून बघू. हा -एओ गटातला धातू, त्यामुळे ‘ए’ आणि पुढचा स्वर यांचा संधी होतो. वर्तमानात मी ‘सुस्सीतो’, तू ‘सुस्सीतेइस’, तो ‘सुस्सीतेइ’, आम्ही ‘सुस्सीतूमेन’, तुम्ही ‘सुस्सीतेइते’, ते ‘सुस्सीतूसि’. हेत्वर्थ ‘सुस्सीतेइन’. अपूर्ण भूतात मी ‘सुनेसीतून’, तू ‘सुनेसीतेइस’, तो ‘सुनेसीतेइ’, आम्ही ‘सुनेसीतूमेन’. ‘आम्ही’ची दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघा. शेवटचं ‘-तूमेन’ अगदी तेच. संस्कृतात ‘गच्छामः’ आणि ‘अगच्छाम’ यांचे शेवटही वेगळे पडतात, ग्रीकमध्ये उत्तमपुरुष अनेकवचनाला ती सोय नाही. काळ ओळखायचा तो एकट्या त्या मधल्या ‘ए’वरून. म्हणून तो नजरेतून सुटता कामा नये.

आणि हा अपूर्ण भूत आहे, एकदाच घडलेल्या गोष्टीचा काळ नव्हे. त्याच्यासाठी ‘सुनेसीतेसा’ असं वेगळं रूप झालं असतं. आपल्याकडे यासाठी रीतिभूतकाळ आहे: तो येई, आम्ही जेवत असू. तुमच्या ‘केले’मध्ये ते रोजचंपण निघून जातं. ते आधी बदला.

‘सहभोजन’ मला का पटत नाही ते सांगते. सहभोजन हा प्रसंग असतो. त्याचं आमंत्रण असतं, तारीख असते, मराठी माणसाच्या मनात त्याला समाजसुधारणेचाही एक अर्थ आहे. ‘सुस्सीतेइन’ म्हणजे एका ठरलेल्या गटात नाव असणं आणि रोज त्याच माणसांबरोबर जेवणं. ‘सुनेस्थिओ’ हे साधं क्रियापद आहे, कुणाहीबरोबर एकदा बसून खाल्लं तरी चालतं. ‘सुस्सीतेओ’ला सभासदत्व लागतं. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘नाइट्स’मध्ये, इ.स.पू. ४२४ च्या नाटकात, म्हाताऱ्या देमोसला, म्हणजे अथेन्सच्या जनतेला, उकळून पुन्हा तरुण करतात. तेव्हा म्हटलंय की तो आता पूर्वीसारखा झालाय, अरिस्टायडीस आणि मिल्टियाडीस यांच्याबरोबर ‘क्सुनेसीतेइ’ तेव्हा होता तसा. (जुन्या अ‍ॅटिक बोलीत ‘सुन्’चं ‘क्सुन्’ होतं. पोटातला ‘ए’ इथेही बघा.) मॅरेथॉनच्या पिढीतल्या त्या माणसांच्या गटातला तो होता, असा त्याचा अर्थ. एक दिवस जेवायला गेला होता एवढाच अर्थ घेतला तर ओळीतला जीवच जातो.

व्याकरणाची आणखी एक गोष्ट त्या ओळीत आहे. अरिस्टायडीस आणि मिल्टियाडीस ही नावं तिथे चतुर्थीत आहेत, मधे ‘बरोबर’ या अर्थाचा वेगळा शब्द नाही. ग्रीकमध्ये आपली तृतीया चतुर्थीतच विरघळली आहे. ‘रामेण सह’मधली तृतीया तिथे चतुर्थीचं रूप घेऊन बसली आहे, असं समजा.

मराठीसाठी माझी सूचना: ‘आणि तिथे आमची मेस एकच असे.’ पुण्यात शिकायला गेलेल्या कुणालाही ‘मेस’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. महिन्याचे पैसे भरलेले, ताट ठरलेलं, शेजारी बसणारी माणसं तीच. ‘आमची चूल एक होती’ असं लिहू नका. चूल एक म्हणजे घर एक, आणि इथे तर घर सोडून लढाईवर गेलेले पुरुष आहेत.

पाणिनीचा_वाचक

बाईंचा मुद्दा कळला, पण एक शंका. ‘संगच्छते’मध्ये सम् हा खरा उपसर्ग आहे, धातू गम्. इथे तुम्हीच म्हणता की आधी ‘सुस्सीतोस’ हे नाम झालं आणि मग त्यावरून धातू. म्हणजे हा नामधातू. मग आगम, म्हणजे भूतकाळाचा तो जादा ‘ए’, सबंध शब्दाच्या आधी यायला हवा, पोटात कसा शिरला?

वाईच्या_बाई

फार चांगला प्रश्न. संस्कृतात तुमच्या बाजूचं प्रसिद्ध उदाहरणच आहे: ‘असंग्रामयत’. ‘संग्राम’ हे अख्खं घेऊन धातू केला, म्हणून अट्, म्हणजे संस्कृतातला भूतकाळाचा ‘अ’, सगळ्यांच्या आधी बसला. ‘समग्रामयत’ झालं नाही.

ग्रीक लोकांचे कान इथे वेगळे होते. शब्दाच्या सुरुवातीला ओळखीचा उपसर्ग ऐकू आला की बहुतेक वेळा ते आगम त्याच्या मागेच ठेवत, मग धातू नामापासून का झालेला असेना. ‘सुम्माखोस’ म्हणजे लढाईतला मित्रपक्ष. त्यावरून ‘सुम्माखेओ’, आणि भूतकाळ ‘सुनेमाखून’. अगदी आपल्या शब्दाचा जुळा भाऊ. पण पहिला भाग उपसर्ग नसेल तर तुमचा नियम लागू होतो. ‘ओइकोदोमेओ’ म्हणजे घर बांधणे, त्यात ‘ओइको-’ हे घर, उपसर्ग नव्हे. तिथे आगम अगदी पुढे येऊन पहिला स्वर लांबवतो. ‘एनान्तिओओमाइ’सारखे काही हट्टी शब्द उपसर्ग असूनही आगम पुढे घेतात. ते पाठच करावे लागतात.

सीमेवरचा_माणूस

ग्रीक येत नाही, पण फौजेत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. बाईंनी सांगितलेला अर्थ वाचून लगेच पटला. आमच्यात जवान जिथे जेवतात त्याला लंगर म्हणतात. ‘आम्ही एका लंगरचे’ असं कुणी म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. कोण कुणाच्या ताटातली पोळी उचलतो, कुणाला ताप आला की कोण त्याचं जेवण घेऊन जातो, सगळं त्यात आलं. एक विचारायचं होतं. या दोघांचा तंबूही एकच होता का? मोहिमेवर तंबू आणि जेवण वेगळं नसतं.

वाईच्या_बाई

साहेब, तुम्ही ग्रीक न शिकता बरोबर जागी बोट ठेवलंत. प्लुटार्कने अल्सिबायडीसचं चरित्र लिहिताना हीच मोहीम सांगितली आहे आणि तिथे सॉक्रेटिसला त्याचा ‘सुस्केनोस’ म्हटलंय. ‘स्केने’ म्हणजे तंबू. तंबूतला सोबती. सैनिकी ग्रीकमध्ये हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात. झेनोफोन तर स्पार्टाच्या सामुदायिक जेवणाबद्दल लिहितानाही तंबूचाच शब्द वापरतो. आणि सांगलीकर, तुमच्या वहीसाठी: ‘सुन्’ अधिक ‘सीतोस’मध्ये स् दुप्पट झाला, पण ‘सुन्’ अधिक ‘स्केने’मध्ये पुढे जोडाक्षर आहे, तिथे न् सरळ गळतो आणि एकच स् राहतो. भूतकाळात मात्र तो न् इथेही परत येतो: ‘सुनेस्केनून’.

एक गोष्ट मला या वाक्यात फार महत्त्वाची वाटते. अथेन्सचं सैन्य दहा गणांत वाटलेलं असे आणि माणूस आपल्या गणात लढे. सॉक्रेटिस अलोपेके वस्तीचा, त्याचा गण अँटिओखिस. अल्सिबायडीस स्काम्बोनिदाइचा, त्याचा गण लेओन्तिस. गण वेगळे असूनही मेस एक. वयात दोघांच्या सुमारे वीस वर्षांचं अंतर, एक श्रीमंत घराण्यातला देखणा तरुण, दुसरा अनवाणी फिरणारा. ते रोज एकत्र जेवत हे अल्सिबायडीस मुद्दाम सांगतो, कारण पुढे तो सॉक्रेटिसबद्दल जी साक्ष देणार आहे ती अगदी जवळून पाहिलेली आहे.

कोल्हापूरचा_इतिहासप्रेमी

सभासदत्वाचा मुद्दा निघालाय तर स्पार्टाशिवाय तो पुरा होणार नाही. ‘सुस्सीतिआ’ म्हणजे या सामुदायिक पंगती, आणि स्पार्टात त्यावर नागरिकत्व टांगलेलं होतं. हेरोडोटस ही पद्धत स्पार्टाचा कायदेकर्ता लायकर्गस याच्या नावावर देतो, तेही लष्करी तुकड्यांच्या यादीतच. तिथलं स्थानिक नाव ‘फिदितिआ’. क्रीटमध्ये याच प्रकाराला ‘आंद्रेइआ’, म्हणजे पुरुषांची बैठक, म्हणत.

प्लुटार्कने लायकर्गसच्या चरित्रात तपशील दिलाय. एका गटात साधारण पंधरा जण. प्रत्येकाने दर महिन्याला एक मेदिम्नोस जवाचं पीठ, आठ खोएस वाइन, पाच म्ना चीज, अडीच म्ना अंजीर (ही सगळी तिथली मापं) आणि कालवणासाठी थोडे पैसे द्यायचे. नवा माणूस घ्यायचा असेल तर मतदान. सेवक डोक्यावर एक भांडं घेऊन फिरे आणि प्रत्येक जण न बोलता भाकरीच्या मऊ भागाचा गोळा त्यात टाके. नकार असेल तर गोळा हाताने दाबून चपटा करायचा. एक जरी चपटा गोळा निघाला तरी तो माणूस बाहेर. भांड्याचं नाव ‘कद्दिखोस’, आणि अशा नाकारलेल्या माणसाबद्दल ‘केकद्दीस्थाइ’ असं क्रियापद होतं. पंगतीत न घेण्यासाठी स्वतंत्र धातू असलेली माणसं ती!

आगिस राजाची गोष्टही तिथेच आहे. अथेन्सचा पाडाव करून तो घरी आला आणि त्या रात्री बायकोबरोबर जेवावं म्हणून आपला वाटा घरी मागवला. पोलेमार्कांनी, म्हणजे सेनाधिकाऱ्यांनी, दिला नाही. रागाने त्याने दुसऱ्या दिवशी ठरलेला यज्ञ केला नाही, तर त्याला दंड ठोठावला.

या समतेचं कौतुक खूप होतं. मला अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं जास्त खरं वाटतं. ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या भागात तो सांगतो की स्पार्टात वर्गणी ज्याची त्याने भरायची होती. गरिबाला ती झेपत नसे, आणि वर्गणी थकली की नागरिकत्वाचा हक्क जाई. म्हणजे लोकशाहीसाठी काढलेली योजना गरिबाच्याच मुळावर आली. क्रीटमध्ये खर्च सार्वजनिक उत्पन्नातून होई आणि त्यात बायका-मुलांच्या पोटाचाही विचार होता, म्हणून तो क्रीटची पद्धत बरी म्हणतो. स्पार्टाच्या नागरिकांची संख्या घटत गेली त्याला इतर कारणंही आहेत, पण पंगतीची वर्गणी हे त्यातलं एक कारण आहेच. ‘सुस्सीतेइन’ हे क्रियापद वाचताना जो आता त्यात बसत नाही त्याचाही विचार करावा.

अथेन्समधून_एक_मराठी

मी नोकरीसाठी इथे राहते. शब्द अजून जिवंत आहे, उच्चार बदललाय: ‘सिसीतिओ’. आता त्याचा अर्थ सैन्यातलं जेवण, किंवा गरजूंना वाटलेलं फुकट गरम जेवण. १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या अथेन्समध्ये भयंकर उपासमार झाली, तेव्हा रेडक्रॉसच्या ‘सिसीतिआ’वर अगणित माणसं जगली. इथले वयस्कर लोक हा शब्द उच्चारतात तेव्हा त्यांना तेच आठवतं. २०१० नंतरच्या आर्थिक संकटातही नगरपालिका आणि चर्च यांच्या ‘सिसीतिओ’ रांगा पुन्हा लागल्या. कोल्हापूरकरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सांगते: प्राचीन शब्दात वर्गणी भरू शकणारा आत होता, आजच्या शब्दात ज्याच्याकडे काही नाही तो आत आहे.

सांगलीचा_विद्यार्थी

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत आता असं लिहिलंय: ‘पुढे पोटिडियाच्या मोहिमेवर आम्ही दोघे बरोबरच गेलो, आणि तिथे आमची मेस एकच असे.’

लगेच पुढच्या वाक्यात ‘असीतेइन’ आलंय. सीतोस तर दिसतोय. यातला ‘अ’ म्हणजे आगम का? पण ग्रीकमध्ये आगम ‘ए’ असतो ना?

वाईच्या_बाई

वाक्य छान झालंय, आता हात लावू नका.

‘असीतेइन’मधला ‘अ’ नकाराचा. ‘असीतोस’ म्हणजे निरन्न, त्यावरून ‘असीतेओ’, उपाशी राहणे. संस्कृतात आगमही ‘अ’ आणि नकारही ‘अ’, त्यामुळे तुम्ही थबकलात हे साहजिक आहे. ग्रीकमध्ये आगम ‘ए’ आणि नकार ‘अ’ असे दोन वेगळे आहेत, आणि हेत्वर्थाला तर आगम कधीच लागत नाही. याचा भूतकाळ ‘एसीतून’, म्हणजे पहिला ‘अ’च दीर्घ होऊन एटा झाला. वर पाणिनीच्या वाचकांनी विचारलं होतं ना, त्याचंही हे उत्तर आहे: नकाराचा ‘अ’ उपसर्ग नाही, म्हणून आगम त्याच्या मागे न जाता पुढेच आला.

प्लेटोने दोन्ही शब्द लागून का ठेवले ते बघा. आमची मेस एक असे, असं अल्सिबायडीस आधी सांगतो, आणि लगेच सांगतो की मोहिमेवर असताना कुठेतरी रसद तुटून उपाशी राहायची वेळ आली की सहन करण्याच्या बाबतीत बाकीचे सॉक्रेटिसपुढे काहीच नसत. पाठोपाठ उलटी बाजू: मेजवानी असली की तिचा खरा आनंद घ्यावा तोही त्यानेच, प्यायला भाग पाडलं तर सगळ्यांना मागे टाकावं, आणि सॉक्रेटिसला झिंगलेला मात्र कुणी कधी पाहिलेला नाही. त्या ओळींत ‘कार्तेरेइन’, टिकाव धरणे, हाही -एओ गटातलाच धातू आहे. तो स्वतः चालवा, आणि अपूर्ण भूताची सहा रूपं इथे लिहून टाका, मी तपासून देते.